लॉ कॉलेज निवडताय? आधी तिथल्या वर्गात डोकावा



परवा माझी एक जुनी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन शाळेत आली. चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होती, आता बारावी झाली. तिला वकील व्हायचंय. वडिलांच्या हातात एका खासगी विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपत्रक होतं. म्हणाले, "मॅडम, एक एकर विकावं लागेल, पण बिल्डिंग बघा की!"

मी डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका, कायद्यातलं मला काय कळतंय असं तुम्ही म्हणाल. पण माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आम्हीही बिल्डिंगच बघितली होती. पहिल्या सत्रात निम्मे तास झालेच नाहीत. अभिरूप न्यायालय म्हणजे मूट कोर्ट वर्षातून एकदा, तेही फोटोपुरतं. म्हणून सांगते, जमीन विकायच्या आधी कॉलेजात जाऊन या. साध्या मंगळवारी, न सांगता. वर्ग भरलेत का, ग्रंथालयात मुलं बसलीत का, ते बघा. शेवटच्या वर्षाच्या दोन मुलांना चहा पाजा, खरं काय ते सांगतील.

बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का हे मात्र आधी तपासाच. ती नसेल तर पुढे सनदच मिळत नाही, मग बिल्डिंग घेऊन काय करायचंय?

बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा असे दोन रस्ते आहेत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही परीक्षा असते आणि ती इंग्रजीतच होते. आपल्या राज्यात अशी विद्यापीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. जमत असेल तर जरूर द्यावी. पण नाही जमली म्हणून मुलीने तोंड पाडून बसायचं कारण नाही. राज्याची सीईटी मराठीतूनही देता येते. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय 1855 पासून उभं आहे, पुण्याचं आयएलएस 1924 पासून. तिथे प्रवेश सीईटीच्या गुणांवर होतो. पसंतीक्रम भरताना शेजाऱ्याचं ऐकून भरू नका एवढंच.

मराठी माध्यमाची भीती पालकांना फार. तालुक्याच्या कोर्टात मराठी चालते, पक्षकार मराठीच बोलतो. उच्च न्यायालयात मात्र इंग्रजी लागते आणि निकालपत्रंही इंग्रजीतच वाचावी लागतात. त्यामुळे नवख्या मुलांना ती वाचायला बसवणारे प्राध्यापक कुठे आहेत, हा प्रश्न मी इमारतीच्या वर ठेवीन. कॉलेजजवळ जिल्हा न्यायालय असेल तर आणखी चांगलं, दुपारी जाऊन कामकाज बघता येतं. (हजेरी लावून गायब होणाऱ्यांबद्दल मी बोलत नाहीये. आपल्यातलेही काही जण असंच एलएल.बी. करतात, माहितीय!)

खर्चाचंही बोलते, कारण तिथेच घरं मोडतात. पदवी मिळाली की दुसऱ्या महिन्यापासून कमाई सुरू होत नाही. सनद घ्यायची, अखिल भारतीय बार परीक्षा द्यायची, मग ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली तुटपुंज्या पैशांवर काही वर्षं काढायची. ती वर्षं काढायला घरात काहीतरी शिल्लक हवं. सगळं फीमध्येच घातलं, तर पोरगी कोर्टात उभी राहायच्या आधीच दुसरी नोकरी शोधेल.

मी त्या वडिलांना एवढंच म्हटलं, "दादा, एकर राहू द्या. आधी जिल्ह्याचं सरकारी अनुदान असलेलं कॉलेज बघून या." मुलगी माझ्याकडे बघून हसली. मंगळवारी दोघं जाणार आहेत.