साप साप म्हणून भुई धोपटणें

ता. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशियानें युक्रेनवर सैन्य घातलें, तेव्हां अध्यक्ष पुतिन ह्यांनीं कारण सांगितलें तें असें कीं, हा देश नाझीमुक्त करावयाचा आहे! आतां हा 'नाझी' देश पाहा. २०१९ सालीं त्यानें अध्यक्ष निवडले ते झेलेन्स्की जन्मानें यहुदी. त्यांचे आप्त हिटलरशाहीच्या कत्तलींत बळी पडलेले. त्याच सालच्या पार्लमेंटच्या निवडणुकींत जहाल उजव्यांच्या जुटीला मतें पडलीं शेंकडा सुमारें २. तेथें जहाल माणसें मुळींच नाहींत, असें आम्ही म्हणत नाहीं. अझोव पलटणीचें मूळ तशाच मंडळींत होतें. पण मूठभरांचें नांव साऱ्या राष्ट्राला चिकटवावें काय? ९ मार्च २०२२ रोजीं मारियुपोलच्या प्रसूतिगृहावर बाँब पडला. तेथल्या बाळंतिणी नाझी होत्या काय? इकडे रशियांत त्याच महिन्यांत कायदा झाला कीं, सैन्याविषयीं 'खोटी बातमी' पसरविणारास १५ वर्षेंपर्यंत तुरुंग. खऱ्याला असा पहारा लागत नसतो. आमच्या वाचकांस सांगणें एवढेंच: कोणी अख्ख्या राष्ट्रावर शिक्का मारूं लागला कीं, त्याचा डोळा कोणाच्या जमिनीवर आहे, तें आधीं पाहा.