पेंग्विनचे सुख बर्फात नाही

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद भागातली मुले सुट्टीत मुंबईच्या नातेवाइकांकडे गेली की राणीच्या बागेतले पेंग्विन पाहून येतात. त्यावरून आपल्याकडे दोन मते हिरिरीने मांडली जातात. पहिले असे की, बर्फातला पक्षी मुंबईच्या उकाड्यात आणणे हाच छळ. दुसरे असे की, गारवा आहे, मासळी आहे, शिकाऱ्याचे भय नाही, पिल्लेही होतात. मग दुःख कसले? मला दोन्ही मते अमान्य आहेत.

पहिले मत अज्ञानावर उभे आहे. राणीच्या बागेतले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे. त्यांचे घर पेरू आणि चिलीचा किनारा. पाठीशी आटाकामाचे वाळवंट. तिथे थंड असतो तो समुद्र. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे जे थर साचतात, त्यांत बीळ कोरून ही जोडपी अंडी घालतात. चोचीच्या मुळाशी उघडी गुलाबी कातडी असते, तिच्यातून अंगातली उष्णता बाहेर पडते. गॅलापागोसचे पेंग्विन तर विषुववृत्तावर राहतात. तेव्हा बर्फ नाही म्हणून छळ, हा युक्तिवाद टिकत नाही.

पण म्हणून दुसरे मत खरे ठरत नाही. जुलै 2016 मध्ये सोलहून आठ पेंग्विन आले आणि ऑक्टोबरातच एक मादी जंतुसंसर्गाने दगावली. 15 ऑगस्ट 2018 रोजी जन्मलेले पहिले पिल्लू आठवडाभरात गेले. पुढची पिल्ले जगली, याचे श्रेय तिथल्या डॉक्टरांना आणि सेवकांना दिलेच पाहिजे. मात्र वीण झाली म्हणजे सुख लाभले, असे नव्हे. समुद्रात मासळीमागे सूर मारणारा हा पक्षी बंदिवासात तासन् तास सपाट, कडक फरशीवर उभा राहिला, तर तळव्याला घट्टे पडतात, त्यांच्या जखमा होतात आणि त्या चिघळतात. कोंदट हवेतली बुरशी फुप्फुसात शिरली तर जिवावर बेतते. म्हणून नुसते तापमान सांगून भागत नाही. पाण्याची खोली, पायाखालची जमीन, हवा आणि दिवसभराची हालचाल यांचाही हिशेब द्यावा लागतो.

‘जंगलापेक्षा पिंजरा सुरक्षित’ हेही अर्धसत्य आहे. 1982-83 च्या एल निनोने हम्बोल्टची दाणादाण उडवली. मासेमारीची जाळी, अँचोव्हीचा उपसा आणि खतासाठी विष्ठेचे खणन यांचा धोका आजही आहे. पण मुंबईत वाढलेल्या पिल्लांनी तो किनारा सावरत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे : प्राणी ठेवायचे तर आजार आणि मृत्यूंच्या नोंदी लोकांपुढे ठेवा, आणि तिकिटाचा काही वाटा पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरच्या संरक्षणाला द्या. हे जमत नसेल, तर केवळ गर्दीसाठी नवे प्राणी आणू नका. हीच कसोटी आपल्या दारीही लावू. बिदरच्या शिवारात काळवीट तुरीत शिरते, म्हणून त्याला कुंपणात कोंडणे हा उपाय नाही. शेतकऱ्याला वेळेवर भरपाई द्या आणि गायराने शाबूत ठेवा. प्राण्याचे भले त्याच्या गरजेवरून ठरवायचे असते, आपल्या हौसेवरून नव्हे.