माजघराच्या मापाचे टेबल



परभणी-जिंतूर रस्त्यावरील झरी येथे आमचे वडिलोपार्जित घर आहे. पुढे दुकान, मागे माजघर व स्वयंपाकघर, अशी व्यापारी कुटुंबांच्या परिचयाची त्याची मांडणी. थोरल्या बंधूंचे पाच जणांचे कुटुंब तेथे राहते आणि रात्रिभोजनत्यागाचा नियम निष्ठेने पाळते.

हिवाळ्यात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दुकानात गिऱ्हाईकही त्याच वेळी असते. मंडळी घाईने आत येत, पाट-बाजोट मांडले जात, वहिनी सर्वांना वाढत. सर्वांचे आटोपेपर्यंत दिवस मावळे आणि वहिनींचे ताट तसेच राही. गुडघेदुखीमुळे त्यांना पाटावर बसणेही जड जात होते. गेल्या मार्गशीर्षात मुक्कामाला असताना मी हे सलग तीन दिवस पाहिले. विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, एक वेळ नाही जेवले तर काय बिघडते?" मधुमेहाची गोळी घेणाऱ्या व्यक्तीचे त्याने पुष्कळ बिघडते.

बंधूंनी टेबल घेण्याचे ठरविले. दुकानाच्या प्रशस्त दालनात त्यांना ६ फूट लांब, ३ फूट रुंद, संगमरवरी पाटाचे टेबल पसंत पडले. मी तेवढेच माप माजघराच्या फरशीवर खडूने आखले. खोली १२ फूट लांब व १० फूट रुंद. पैकी दीड फूट भिंतीलगतच्या कपाटाने अडविलेली. खुर्ची मागे सरकवून सहज उठण्यास टेबलाच्या कडेपासून सुमारे ३ फूट जागा लागते. हिशेब केला, तर वाढणारीला ये-जा करण्यास वाटच उरेना.

व्यापाऱ्याला कॅश क्रेडिटची मर्यादा ठाऊक असते. हंगामासाठी मंजूर झालेली सर्व रक्कम कोणी रोज उचलून ठेवीत नाही. टेबलाचेही तसेच. नित्याची माणसे पाच. लेक-जावई नातवासह आले म्हणजे आठ. प्रत्येकास सुमारे २ फूट रुंदीची जागा धरल्यास ४ फूट लांब व अडीच फूट रुंद टेबल रोज पुरते. दोन्ही टोकांना एकेक फुटाच्या फळ्या ओढल्या की ते ६ फुटांचे होते व आठ जण दाटीवाटीने का होईना, एकत्र बसतात.

वाढविता येणाऱ्या टेबलांचे तीन प्रकार असे. पहिल्यात फळ्या पाटाखालून ओढून काढतात. दुसऱ्यात त्या बिजागरीवर कडेला लोंबत्या असतात. तिसऱ्यात मधली फळी पोटात दुमडून ठेवलेली असते. फळी वेगळी ठेवावी लागणारे टेबल लहान घरात टाळावे. ती माळ्यावर जाते आणि पाहुणे आले तरी खाली येत नाही. खरेदीपूर्वी टेबल स्वतः दोनदा उघडून मिटवावे, ओढलेल्या फळीच्या टोकावर हाताचा भार देऊन पाहावे आणि पाय गुडघ्यांत येतात काय, हे खुर्चीवर बसून तपासावे. दाबीव भुशाच्या फळ्यांची कड उघडी असल्यास पाणी लागून त्या फुगतात. शिसवी किंवा सागवानी लाकूड महाग असले तरी टिकते.

आपल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. सांध्यात फट असेल तर तेथे अन्नाचे कण साठतात व मुंग्या येतात. पुसताना त्यांची हिंसा घडते. म्हणून फळ्या घट्ट मिळणाऱ्या असाव्यात व प्रत्येक जेवणानंतर सांधा कोरड्या फडक्याने झाडावा.

बंधूंनी शेवटी परभणीच्या सुताराकडून ओढफळ्यांचे सागवानी टेबल करून घेतले. आता भांडी मधोमध ठेवतात, प्रत्येक जण स्वतः वाढून घेतो आणि साडेपाचला वहिनी सर्वांबरोबर बसतात. त्यांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराकडे नाही. ती जागा बंधूंनी स्वतःकडे घेतली आहे. पोळी आणायला आता तेच उठतात.

टेबल पाहण्यास निघण्यापूर्वी खोलीचे माप तर घ्यावेच. पण घरात सर्वांत शेवटी कोण जेवते, हेही एकदा पाहून घ्यावे.