बेणे एका मळ्यातले, विश्वास साऱ्या गटांचा



ऊस विकास अधिकाऱ्याने कॉम्प्युटरवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण तुमची लागणीची नोंद, तोडीची तारीख आणि काट्यावरचे वजन आता कॉम्प्युटरातच असते, म्हणून आम्ही लिहीत आहोत.

गट ऑफिसात नोंद करताना पडद्यावर पुष्कळदा 'ही जोडणी सुरक्षित नाही' अशी सूचना येते. आमचे कारकून सवयीने 'तरीही पुढे जा' दाबतात. आम्हीही दाबले आहे, खोटे कशाला बोला! मेख अशी की, उद्या कोणी खरोखरच कारखान्याच्या सर्व्हरचे सोंग घेऊन मध्ये बसला, तरी सूचना हीच येणार आणि बोटही तिथेच जाणार. पासवर्ड त्याच्या हाती गेला की कोणाची लागण कधीची, कोणाची तोड आधी, सगळे त्याच्या मर्जीवर.

सूचना येते कारण आपल्या सर्व्हरचे प्रमाणपत्र ज्या मूळ प्रमाणपत्रावरून निघाले, ते त्या यंत्राच्या विश्वासाच्या यादीत नसते. ते पेन ड्राइव्हवर घेऊन माणूस गटोगट फिरवायचा, तर एखादा काटा हमखास राहतो. विंडोजच्या ग्रुप पॉलिसीने मुख्य सर्व्हरवरून एकदा ठरवून दिले, की त्याला जोडलेल्या प्रत्येक चालू यंत्रात ते दीड-दोन तासांत आपोआप जाते. पुढे नवे यंत्र जोडले तर त्यातही. (फायरफॉक्सची यादी वेगळी असते, तेवढी पाहून घ्यावी.) येत्या हंगामाआधी हे व्हावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र बेणेमळ्याची आठवण ठेवा. गवताळ वाढीचे बेणे एकाने आणले तर त्याचा फड जातो. कारखान्याने वाटले तर सारे कार्यक्षेत्र. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या नावाची, पण गूगलने न मागितलेली प्रमाणपत्रे उघडकीस आली. ती आपल्याच देशातल्या नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरकडून निघाली होती. केंद्र सरकारच्या प्रमाणन नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या यादीत असल्याने तिथे ती खरी ठरत होती. पुढे ती रद्द केली गेली. सरकारी शिक्क्याची ही गत, मग आपल्या कारखान्याने किती जपावे?

यंत्रांवर फक्त प्रमाणपत्र जावे. त्याची गुप्त किल्ली नेटला न जोडलेल्या यंत्रात, कुलपात राहावी. पाठवण्याआधी दोघांनी त्याचा ठसा, म्हणजे आकडे-अक्षरांची ओळ, ताडून पाहावा. आधी दोन यंत्रांवर प्रयोग, मग सर्वत्र. आणि यादीत काय घालायचे याचा लेखी ठराव संचालक मंडळाचा असावा, कॉम्प्युटर बसवायला आलेल्या पोराचा नव्हे.

परवाच एक विक्रेता म्हणाला, "साहेब, आमचेही प्रमाणपत्र त्यातच टाकून द्या, काम सोपे होईल." कशासाठी ते लेखी द्या, असे आम्ही सांगितले. अजून कागद आलेला नाही.