बिनदुधाचे चॉकलेट

माझ्या नातवाला दूध सोसत नाही. भाऊबीजेला साऱ्यांना बासुंदी आणि त्याच्या हाती चिवडा! भगिनींनो, हे मला पाहवेना. छत्रपती संभाजीनगरात दिवाळीला दौलताबादची सीताफळे मुबलक. पण चॉकलेटला हवा लोण्याचा स्निग्धपणा. तो अवोकाडोत आहे, आणि साखर नाममात्र. बोटाने दबेल असेच फळ घ्यावे. कच्चे कडवट लागते. तीन चमचे किसलेला गूळ थोड्या नारळाच्या दुधात विरघळवून गाळावा. त्यात एका फळाचा गर, दोन चमचे कोको, चिमूटभर मीठ घोटून तासभर गार करावे. कोकोच्या डब्यावरील मजकूर मात्र वाचाच. तयार चॉकलेट-पुडीत पुष्कळदा दुधाची भुकटी असते. गुळाने पदार्थ पथ्याचा होत नाही, मधुमेहींनी वाटी लहानच घ्यावी. फळाचा हिरवा रंग कोकोत लपतो. मुलांना आधी काही सांगू नये!