झाडी दाट म्हणून माती दांडगी?

आलापल्लीच्या जंगलातले उंचच उंच साग पाहिले की पाहुणा हमखास म्हणतो, काय कसदार जमीन असेल ही! खताचा दाणा न घालता एवढी झाडे वाढतात, तर इथे धान किती पिकेल? युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. पण त्याची भिस्त डोळ्यांना दिसणाऱ्या हिरवाईवर आहे. खाली हातभर खणून पाहायचे कष्ट कोणी घेतलेले नसतात.

गडचिरोलीचा बराचसा भाग आणि चंद्रपूरचा पूर्व पट्टा ग्रॅनाइट-नाइससारख्या अतिप्राचीन खडकांवर वसलेला आहे. हा खडक झिजला की क्वार्ट्झची वाळू उरते आणि फेल्डस्पारपासून बहुतांशी केओलिनाइट जातीची चिकणमाती होते. याउलट वरोऱ्याकडच्या काळ्या मातीत स्मेक्टाइट असते. चुना-पालाश धरून ठेवण्याची त्याची ताकद केओलिनाइटच्या साधारण दहापट. इकडच्या बरडी-खरडी या हलक्या मातीत ती धरच कमी. त्यात वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही मुख्यतः चार महिन्यांत. सुटे क्षार धुऊन जातात.

मग साग वाढतो कशावर? मुख्यतः पाल्यावर. वाळवी आणि बुरशी पाला कुजवतात, सुटलेले अन्न वरच्या थरातली मुळे तिथल्या तिथे उचलतात. पान गळण्याआधी त्यातले बरेचसे नत्र-स्फुरद झाड परत ओढून घेते. जंगलाचे घर असे रोजंदारीवर चालते. कोठार भरलेले आहे असे समजून झाडे तोडणाऱ्याच्या हाती दोन-तीन हंगाम लागतात. भामरागडच्या माडियांना हे ठाऊक होते. पेंदा शेतीत झाडोरा जाळायचा, राखेच्या बळावर दोन-तीन वर्षे पीक घ्यायचे आणि जागा पुन्हा रानाला सोडायची. त्यांना अडाणी म्हणणाऱ्या साहेबांपेक्षा त्यांचे मृदाशास्त्र पक्के होते.

यावर कोणी विचारेल, मग सिंदेवाही-ब्रह्मपुरीच्या बांधीत पिढ्यान्‌पिढ्या धान कसा पिकतो? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की ती माती उताराने आणली आणि माणसाने घडवली. उतारावरून धुऊन आलेले बारीक कण सखलात साचून मोरांड-कन्हार ही भारी माती झाली. वर बरडी उरली. धुऱ्यांनी पाणी अडवले. चिखलणीने ढेकळांची घडण मोडून झिरपा मंदावला. साचलेल्या पाण्याखाली हवा तुटते, तेव्हा लोहाने बांधून ठेवलेले स्फुरद सुटे होते, आणि शेवाळातले नीलहरित जीव हवेतला नत्र बांधतात. वर कोहळी समाजाने बांधलेले तलाव, आज ज्यांना आपण मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणतो. त्यांचा गाळ म्हणजे वरच्या रानाचीच माती.

म्हणून वरचे जंगल तोडून शेती वाढवणे हा उफराटा हिशेब आहे. सुरुवातीला खाली बारीक गाळ येतो, त्याचे कौतुकही होते. पुढे वाळू येते आणि तलाव उथळ होतो.

तोडणे तर दूरच, पाला जाळणेही महाग पडते. उन्हाळ्यात मोहफुले नीट दिसावीत म्हणून झाडाखाली आग लावतात. नत्र धुरात जातो, राख पावसात वाहते, उघड्या मातीवर थेंबांचा मार बसून वरचा थर घट्ट होतो आणि पाणी मुरायचे कमी होते. पाला झाडून बाजूला सारला तरी फुले वेचता येतात. वेळ जास्त लागतो, हे खरे. त्या जादा वेळाची मजुरी कोणी द्यायची असेल, तर खालच्या तलावावर धान भिजवणाऱ्या बांधीवाल्यांनी द्यावी.