परवान्याचाही पुकारा होऊ द्या

मा. श्री. पीयूष गोयल,
केंद्रीय वाणिज्य आणि उद्योग मंत्री, नवी दिल्ली



लासलगावच्या बाजार समितीत सकाळी ट्रॅक्टरांची रांग लागते. व्यापारी ट्रॉलीशी येतो, दोन-चार कांदे हातात घेतो, एखादा बोटाने दाबतो, पत्ती सुटते का ते बघतो आणि पुकारा सुरू होतो. शेतकरी तिथेच उभा असतो. भाव पडला तर घरी जाताना तो बोलत नाही. पण कोण किती बोलला आणि कुणी हात आखडता घेतला, हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलेले असते.

हाच कांदा पुढे बांगलादेशात जायचा, तर ढाक्याच्या कृषी विस्तार खात्याचा आयात परवाना लागतो. व्यापारात त्याला नुसते ‘आयपी’ म्हणतात. या कागदाचा पुकारा होत नाही. मार्च २०२३ मध्ये आयपी बंद झाल्या, जूनमध्ये पुन्हा सुरू झाल्या. मधे पुन्हा थांबल्यावर ७ डिसेंबर २०२५ पासून दिवसाला ५० परवाने आणि एका परवान्यावर जास्तीत जास्त ३० टन, अशी पुन्हा सुरुवात झाली. म्हणजे दिवसाला दीड हजार टन, तेही उद्या चालू राहील की नाही याचा भरवसा नव्हता. आमच्याकडच्या पारावर आता पावसाची चौकशी झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘आयपी सुटल्या का?’ ज्या देशाचा नकाशा कधी नीट पाहिला नाही, तिथल्या एका टेबलावरच्या फायलीची चिंता निफाड तालुका करतो.

या अनिश्चिततेचा वास येतो, साहेब. नाशिकहून बांगलादेशाला लागून असलेली घोजाडांग्याची सीमा सुमारे दोन हजार किलोमीटर. तिथे ट्रक अडकला की ताडपत्रीखाली गोण्या घामेजतात, खालच्या थरातून पाणी सुटते, वरच्या कांद्याला कोंब येतात. व्यापारी तो तोटा पुढच्या लिलावात आमच्याकडून वसूल करतो. त्याला दोष देत नाही, त्याच्या जागी मीही तेच केले असते.

ढाक्यालाही सरसकट दोष देता येत नाही. तिथल्या पाबना-फरीदपूरच्या शेतकऱ्याचा कांदा निघत असताना त्याला बाहेरचा ट्रक नकोच असणार. शिवाय परवान्यांची ही सवय आपणच वाढवली. २९ सप्टेंबर २०१९ ला आपण एका दिवसात निर्यात बंद केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि आपण आचाऱ्याला कांदा न घालण्याचे सांगितले आहे, असे हसत म्हणाल्या. सभागृहही हसले. पुढे नोव्हेंबरमध्ये तिकडे कांदा किलोला २०० टक्यांच्या वर गेला. पुढच्याच वर्षी १४ सप्टेंबरला पुन्हा बंदी, मग ८ डिसेंबर २०२३ ला. दर थोड्या दिवसांनी दुकान बंद करणाऱ्याचे गिऱ्हाईक स्वतःच्या परसात कांदा लावणारच, आणि त्यांनी तो लावला.

शेवटच्या बंदीत तर आपण स्वतःच परवाने वाटले. एप्रिल २०२४ मध्ये बांगलादेश, भूतान, श्रीलंकेसह सहा देशांना ९९,१५० टन कांदा देण्याची मुभा जाहीर झाली. तेव्हा ग्राहक व्यवहार खातेही तुमच्याकडेच होते. माल जाणार होता एका सहकारी निर्यात संस्थेमार्फत. खरेदी ई-मंचावर सर्वांत कमी दर देणाऱ्याकडून, आणि विक्री समोरच्या सरकारने नेमलेल्या संस्थेला वाटाघाटीच्या दराने. निविदा होती, पण फक्त खाली जाणारी. आमचा भाव उतरवताना स्पर्धा, चढवताना मात्र बंद खोलीतली चर्चा.

हेच उलटे करता येते. न्यूझीलंडने १९३८ पासून आयातीला परवाने लावले होते. शेजारच्या ऑस्ट्रेलियाशी १ जानेवारी १९८३ पासून आर्थिक सहकार्याचा करार लागू झाला, तेव्हा ही भिंत एका रात्रीत पाडली नाही. ऑस्ट्रेलियाच्या मालासाठी वेगळे परवाने ठेवले, ते निविदा मागवून दिले, त्यांचे प्रमाण दरवर्षी वाढवायचे ठरवले आणि १९९५ पर्यंत ही बंधनेच उठवायची, असे करारात लिहिले. प्रत्यक्षात १ जुलै १९९० लाच ती उठली. मला यात सगळ्यांत आवडते ती निविदा. परवान्यासाठी आयातदार किती जास्त मोजायला तयार आहे, हे उघड होते आणि ती रक्कम मधल्या कुणाच्या खिशात न जाता सरकारात जमा होते. ज्या परवान्याला बोलीच येत नाही, तो ठेवण्यात अर्थ नाही, हेही त्यातून आपोआप कळते.

यावर म्हणतील, बोली लावली की मोठे मासे सगळे परवाने गिळतील. धोका खरा आहे. म्हणून एका आयातदाराने किती घ्यायचे त्याला मर्यादा हवी, आणि ठरलेल्या मुदतीत माल न आणल्यास परवाना परत जायला हवा. पण आजच्या परवान्यालाही किंमत आहेच, ती फक्त कानात सांगितली जाते.

ढाक्याशी बोलाल तेव्हा तीन महिन्यांचे नको, वर्षाचे वेळापत्रक मागा: त्यांच्या हंगामात किती टन, बाकीच्या महिन्यांत किती, आणि परवाने कोणत्या तारखेला बोलीला निघतील. त्या बदल्यात आपण काय देणार, हे आधी ठरवा. वर्षाच्या मधे निर्यातबंदी घालणार नाही, आणि घातलीच तर आधी ठरलेला माल जाऊ देऊ, असे लेखी देण्याची तयारी असेल तरच त्या बैठकीला जा. तसे नसेल, तर त्यांनी दिवसाला ५० चिठ्ठ्या काढल्या म्हणून तक्रार करायला आपल्याला तोंड नाही.

उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये चाळीत भरतो. नीट सुकवला तर दिवाळीपर्यंत टिकतो. त्याआधी उत्तर यावे.

आपला,
निफाड तालुक्यातील एक कांदा उत्पादक